काचेची कपची की काचेचा पापुद्रा?

इंजेक्शनच्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत, काहीतरी चमकलं. फिल्टरवर घेतलं, तपासलं, काचेचं मुख्य मूलद्रव्य सिलिकॉन निघालं. रिपोर्टात लिहिलं 'काचेचा कण' आणि फाइल मिटली. आमच्या औषधनिर्मितीच्या धंद्यात हे नेहमीचं. पण काच आहे एवढंच कळलं. ती आली कुठून?

कपची म्हणजे फुटलेल्या काचेची ठिकरी. वॉशिंगमध्ये व्हायल एकमेकींवर आपटल्या, टनेलमध्ये (व्हायल तापवून निर्जंतुक करणाऱ्या बोगद्यात) एखादी तडकली, फिलिंगला अडकून तोंड उडालं, की ठिकऱ्या शेजारच्या उघड्या व्हायलमध्ये पडतात. पापुद्रा वेगळा. व्हायल अखंडच असते, पण आतलं औषधच काच हळूहळू पोखरतं आणि ओल आलेल्या भिंतीचे पोपडे सुटावेत तसा थर सुटतो. हे डीलॅमिनेशन.

सील काढायची घाई करू नका. काढताना रबराचे, ॲल्युमिनियमचे कण पडतात. मान मोडून उघडायची अँप्यूल तर मोडतानाच स्वतःची काच आत सोडते. आधी काळ्या पडद्यासमोर व्हायल हलकेच फिरवा. कपची जड, ती गिरकी घेऊन तळाला बसते. पापुद्रा तरंगत राहतो, वळला की लकाकतो, कडेवर आला की गायब. यूएसपीच्या (अमेरिकी औषधसंहितेच्या) 790 प्रकरणानुसार काळ्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येकी सुमारे 5 सेकंद, 2000 ते 3750 लक्स प्रकाशात बघायचं असतं. तेवढ्यात एकटादुकटा पापुद्रा सहज निसटतो.

मायक्रोस्कोपखाली कपचीच्या कडा धारदार दिसतात, फुटलेल्या जागी शिंपल्यासारख्या वळ्या. पापुद्रा चपटा, पातळ, कधी कडेला गुंडाळलेला. ईडीएसवर (कणातली मूलद्रव्यं क्ष-किरणांवरून ओळखणाऱ्या तपासणीवर) मात्र फसगत होते, कारण सिलिकॉन दोघांतही. म्हणून त्याच व्हायलची काच शेजारी ठेवून प्रमाणं ताडून बघा. कपची मूळ काचेशी जुळते; पापुद्र्यात सोडियमसारखी मूलद्रव्यं धुऊन गेलेली असतात. बोरॉन ईडीएसला धड दिसत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा तारखेचा. कपची भरल्या दिवसापासून आत असते, बहुधा मोजक्याच व्हायलमध्ये. पापुद्रा त्या दिवशी नसतोच, तो कित्येक महिन्यांनी स्टॅबिलिटीच्या, म्हणजे टिकाऊपणा तपासायला साठवलेल्या, नमुन्यात उगवतो. एकदा अशाच कणासाठी आम्ही दोन शिफ्ट व्हायल भरायची लाइन खोलून बसलो होतो. लाइन निर्दोष होती.

सप्टेंबर 2010 मध्ये अमेरिकेत एपोजेन आणि प्रोक्रिट या रक्तक्षयावरच्या इंजेक्शनांच्या व्हायल याच पापुद्र्यांपायी परत मागवल्या गेल्या. मार्च 2011 मध्ये तिथल्या औषध नियामक एफडीएने उत्पादकांना सावध करताना धोके सांगितले: जास्त तापमानावर, नळीपासून घडवलेल्या व्हायल, जास्त पीएच, सायट्रेट किंवा टार्टरेट बफर (पीएच स्थिर ठेवणारी द्रव्यं), भरल्यानंतरचं निर्जंतुकीकरण. नळीच्या व्हायलचा तळ ज्योतीवर बंद करताना काचेतले बोरॉन, सोडियम उडतात आणि तळाच्या जरा वर भिंतीवर बसतात. तिथली काच कच्ची राहते.

म्हणून कपचीचा इलाज लाइनवर, पापुद्र्याचा व्हायलच्या निवडीत नाहीतर फॉर्म्युलेशनमध्ये. शंका उरलीच तर व्हायल रिकामी करून, धुऊन मेथिलीन ब्लू हा निळा रंग लावून बघा. पोखरलेली काच रंग धरते, आणि निळा पट्टा बहुतेकदा तळाच्या वरच उमटतो.