डिझेल ट्रकच्या मीटरवर १४.७ यायलाच हवं का?

‘एअर-फ्युएल मीटर १४.७ दाखवत नसेल तर इंजिन जळणार’ हा मेसेज सोलापुरातल्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलेला असतो. हा मीटर इंजिनात इंधनाच्या किती पट हवा जाते ते दाखवतो. आकडा खोटा नाही, पण तो पेट्रोलचा आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते.

डिझेल इंजिनात सहसा हवा अडवत नाहीत; ॲक्सिलरेटरनं डिझेलच कमी-जास्त होतं. त्यामुळे गाडी नुसती उभी चालू असताना हवेचं डिझेलशी प्रमाण ५०-६० च्याही वर जातं, भरल्या लोडवर २०-२५ पर्यंत उतरतं. त्याहून फार खाली गेलं की काळा धूर. शिवाय इथं जादा हवेनं इंजिन थंड राहतं, तापतं ते डिझेल जास्त झाल्यावर. १४.७ गाठायला कुणी डिझेल पंपाचं सेटिंग वाढवलं, तर टर्बोच (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) धोक्यात.

पडताळायचं असेल तर मार्केट यार्डातून कांदा भरून तुळजापूरचा घाट चढताना मीटर बघा. आकडा उतरेल. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की एकदम चढेल.

मीटर घ्यायचाच तर वाइडबँड (मोठ्या पल्ल्यातलं प्रमाण मोजणाऱ्या) सेन्सरचा, डिझेलला चालणारा; नॅरोबँड सेन्सर १४.७ च्या आसपासचंच ओळखतो. सेन्सर टर्बोनंतरच्या पाइपात, आडव्यापेक्षा निदान १० अंश वर कलता बसवा, नाहीतर पाणी साचून तो तडकतो. एकच मीटर परवडत असेल, तर मी एक्झॉस्टच्या तापमानाचा घेईन.