धुरापासून सर्किटपर्यंत

पूर्वी डिझेल गाडीचं दुखणं धुरावरून कळायचं. काळा धूर आला की डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा आला की ऑइल जळतंय. सायलेन्सरच्या वाटेवर वायर नव्हतीच, मग तिथे इलेक्ट्रिकल बिघाड कुठून येणार?

2016 मध्ये सरकारने गाड्यांच्या प्रदूषणाच्या नियमांतला (भारत स्टेज, म्हणजे बीएस) बीएस-पाच टप्पा गाळून थेट बीएस-सहावर जायचं ठरवलं आणि 1 एप्रिल 2020 पासून ते देशभर लागू झालं. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 0.25 ग्रॅमवरून 0.08 वर आली. इंजिनात फेरफार करून एवढी घट साधणं कठीण. म्हणून ते ऑक्साइड कमी करायला धुरात 32.5 टक्के यूरियाचं द्रावण फवारणारी एससीआर यंत्रणा आणि काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर सर्रास दिसू लागले. ट्रकवाल्यांना यूरिया त्याआधीच माहीत झाला होता. या यंत्रणांबरोबर दाबाचे, तापमानाचे आणि नॉक्स (म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे) सेन्सर आले. तेही गाडीच्या पोटाखाली, जिथे उष्णता, चिखल आणि हादरे यांतून सुटका नाही.

बिघाड ओळखून दिवा लावण्याची सक्ती मुळात कॅलिफोर्नियाची, 1988 ची. बिघाडाचा कोड वाचायचं 16 पिनांचं सॉकेट 1996 मध्ये अमेरिकाभर सक्तीचं झालं आणि पुढे आपल्याकडेही पोचलं. पण संगणकाला गडबड कुठे दिसली, एवढंच कोड सांगतो. ती का झाली हे सांगत नाही. पी2202 म्हणजे नॉक्स सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. त्यातला ‘सर्किट’ हा शब्द नजरेतून सुटतो आणि मालकाच्या माथी महागडा सेन्सर पडतो. याचं मला फार वाईट वाटतं.

नॉक्स सेन्सरला स्वतःचा हीटर असतो, तो बराच करंट खेचतो. सेन्सरचं सॉकेट काढून वीजपुरवठ्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला तर ट्रकवर 24 व्होल्ट नीट दिसतात, कारण तेव्हा लोड नसतो. त्याच दोन पिनांवर 24 व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब लावून पाहा. वायरची एकच तार शिल्लक असेल किंवा पिन हिरवी पडली असेल, तर बल्ब मिणमिणतो आणि व्होल्ट कोसळतात.

हा सेन्सर बोलतो कॅन लाइनवर, म्हणजे गाडीतले संगणक ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात तिच्यावर. बॉशने ती 1986 मध्ये जगापुढे मांडली. तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरी काढून दोन कॅन वायरींमध्ये मोजलं की सुमारे 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर बहुधा एका टोकाशी वायर तुटलेली असते. अशा वेळी आधी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, चाचपावा, नवा सेन्सर मागवायची घाई करू नये.