रोटर हेड, प्रतिकृती हेलिकॉप्टरचे : रचना व देखभाल

रेडिओ नियंत्रित प्रतिकृती हेलिकॉप्टरच्या मुख्य उभ्या दांड्याच्या (मेन शाफ्टच्या) टोकावर बसणारा, पाती धरून ठेवणारा आणि फिरता फिरता त्यांचा कोन बदलू देणारा जोड. ‘घूर्णक शीर्ष’ असा मराठी पर्याय देता येतो. पण उडवणारे लोक नुसते ‘हेड’ म्हणतात आणि पुढे तोच शब्द वापरला आहे. हेडचा आकार पात्याच्या लांबीवरून सांगतात : ४५० वर्गात पाते सु. ३२५ मिमी., ७०० वर्गात सु. ७०० मिमी.

रचना : हब (हेडचा मधला ठोकळा) मेन शाफ्टला एकाच आडव्या बोल्टने जोडलेले असते. हा सुटला तर सगळेच सुटते, म्हणून त्याला वैमानिकांच्या बोलीत ‘जीझस बोल्ट’ म्हणतात. हबमधून आरपार जाणाऱ्या पोलादी फेदरिंग शाफ्टला (स्पिंडल) दोन्ही बाजूंनी रबरी डॅम्पर (हादरे शोषणारी कडी) टेकू देतात. स्पिंडलच्या दोन टोकांवर पात्यांच्या पकडी म्हणजे ग्रिप बसतात. प्रत्येक ग्रिपमध्ये बहुधा दोन रेडियल बेअरिंग (आडवा भार पेलणारी), एक थ्रस्ट बेअरिंग (दांड्याच्या दिशेची ओढ पेलणारे) आणि मापाचे पातळ वॉशर असतात; बाहेरच्या टोकाचा बोल्ट हे सगळे अडवून धरतो. ग्रिपच्या बाहूवरील बॉलपासून लिंक (जोडदांडी) खाली स्वॉशप्लेटकडे, म्हणजे हुकूम फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या झुकत्या तबकडीकडे जाते आणि स्वॉशप्लेट तीन सर्व्होंवर (हुकमाप्रमाणे हलणाऱ्या छोट्या मोटारींवर) तोललेली असते.

उगम व मतभेद : जुन्या हेडवर पात्यांना काटकोनात आणखी एक दांडी असे, तिला फ्लायबार म्हणतात. तिचे जनकत्व दोघांकडे जाते. अमेरिकेतील आर्थर यंग यांनी १९२८ पासून लहान प्रतिकृतींवर प्रयोग करून वजनदार स्थिरक दांडी सिद्ध केली. १९४१ च्या अखेरीस ते बेल कंपनीत गेले आणि हीच दांडी असलेल्या ‘बेल ४७’ला ८ मार्च १९४६ रोजी प्रमाणपत्र मिळाले. स्टॅन्ली हिलर यांनी दांडीच्या टोकांना छोटी पाती (पॅडल) लावली. वैमानिकाचा हुकूम आधी पॅडलला जाई आणि पॅडलमार्फत मुख्य पात्यांना. त्यांचे ‘हिलर ३६०’ १९४८ मधले. प्रतिकृतींवर पॅडल दिसतात म्हणून त्यांचे हेड सरसकट हिलर पद्धतीचे ठरवण्याचा प्रघात आहे. पण मिक्सिंग आर्मवर (दोन हुकूम एकत्र करणाऱ्या तरफेवर) दोन बॉल असतात : एकातून स्वॉशप्लेटचा हुकूम थेट पात्याला, दुसऱ्यातून फ्लायबारमार्फत. हे पाहता ‘बेल-हिलर’ हे जोडनावच अधिक बरोबर वाटते. यंग यांची दांडी प्रतिकृतीवर जन्मली, मोठ्या यंत्रावर गेली आणि पुन्हा प्रतिकृतीवर आली, ही गोष्ट मात्र सहसा नोंदली जात नाही.

पहिले रेडिओ नियंत्रित हेलिकॉप्टर कोणाचे, यावरही दावे-प्रतिदावे आहेत. जमिनीवरून उचलले जाणे एवढाच निकष धरला तर दावेदार अनेक; ताब्यात राहून टिकलेले उड्डाण हा निकष धरला तर पश्चिम जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांचे १९७० च्या सुमाराचे काम पुढे येते. दुसरा निकष अधिक सयुक्तिक आहे. साधारण २०१० नंतर इलेक्ट्रॉनिक जायरोंनी (यंत्राचे वळणे ओळखून ते सावरणाऱ्या नियंत्रकांनी) फ्लायबारची जागा घेतली. फ्लायबारविरहित हेडमध्ये सांधे कमी झाले. मात्र जायरोला कंप सोसत नाही, त्यामुळे पूर्वी खपून जाणारी बेअरिंगची खरखर आता उड्डाणात जाणवते.

स्वॉशप्लेट झुकवल्यावर परिणाम ९० अंश पुढे का दिसतो, याचे उत्तर बहुतेक माहितीपुस्तिका ‘जायरोचा गुणधर्म’ असे देतात. पाते हे वर-खाली हलणारे, अनुनादाच्या जवळ चालणारे दोलक आहे असे मानणे जास्त नेमके. मोकळ्या झोकाच्या हेडमध्ये विलंब ९० अंशच येतो. डॅम्पर जितके कडक, तितकी पात्याची नैसर्गिक वारंवारता वाढते आणि विलंब ९० च्या खाली येतो. म्हणून मऊ डॅम्पर काढून कडक घातल्यावर हेलिकॉप्टर पुढे झुकवताना किंचित बाजूला सरकू लागले, तर तो सर्व्होचा दोष नसतो. जायरो नियंत्रकातील फेज कोन (विलंबाची भरपाई करणारा कोन) थोडा फिरवावा लागतो.

भार : ७०० वर्गात एका पात्याचे वस्तुमान १८० ग्रॅ., गुरुत्वमध्य अक्षापासून ४० सेंमी. आणि वेग मिनिटाला २,००० फेरे धरले, तर ग्रिप बाहेर ओढणारे बल सु. ३,१६० न्यूटन, म्हणजे सव्वातीन क्विंटल वजनाइतके येते. हे सगळे ओझे थ्रस्ट बेअरिंग पेलते. रेडियल बेअरिंग अशा ओढीसाठी घडवलेलेच नसते. थ्रस्ट उलटे बसले किंवा कोरडे पडले तर पकड जड होते, सर्व्हो तापतो आणि शेवटी स्पिंडलचा बोल्ट ताणाने तुटतो.

थ्रस्ट बेअरिंग : हेडच्या देखभालीत सर्वाधिक चुका इथे होतात. याच्या दोन वॉशर दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या छिद्रांत थोडा फरक असतो. मोठ्या छिद्राची वॉशर आत, हबकडे. लहान छिद्राची बाहेर, बोल्टकडे. कारण आतली वॉशर ग्रिपबरोबर फिरते आणि तिने स्पिंडलला शिवता कामा नये. बाहेरची स्पिंडलवर घट्ट बसते. फरक डोळ्याला दिसत नसेल तर दोन्ही स्पिंडलवर ओवून पाहाव्यात : सैल हलते ती आतली. गोळ्यांच्या पिंजऱ्यात दोन्ही बाजूंनी ग्रीज भरावे. तेल चालत नाही, ते पहिल्याच उड्डाणात बाहेर फेकले जाते. वॉशरच्या वाटेवर नखाला लागेल असा चरा दिसला तर पूर्ण संच बदलावा. जुन्या वॉशरवर नव्या गोळ्या घालू नयेत.

खोलण्या-जोडण्याचा क्रम : आधी बॅटरी काढून मोटारच्या तारा सोडवाव्यात, मग पाती उतरवावीत. स्पिंडलचे दोन्ही बोल्ट एकाच वेळी दोन एलन चाव्यांनी धरून सोडवतात. लॉकटाइटने (आटे पक्के धरणाऱ्या चिकट द्रवाने) धरलेला बोल्ट हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंग गन ठेवावी. जोर लावल्यास षटकोनी खाच गोल होते. बाहेर काढलेली स्पिंडल काचेवर लोळवावी. खाली उजेडाची फट उघड-मीट झाली तर ती वाकली आहे, आणि वाकलेली स्पिंडल सरळ करून वापरायची नसते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर हुबेहूब स्पिंडल कातून मिळू शकते, पण साध्या एमएस (माइल्ड स्टील) पोलादाची स्पिंडल हलक्या धडकेतही वाकते. भाग टणक केलेल्या पोलादाचाच हवा. बेअरिंगचे तसे नाही. एमआर ८४ झेडझेड (आतील व्यास ४, बाहेरील ८, जाडी ३ मिमी.) अशांसारखी मापे प्रमाणित असतात, क्रमांक सांगून बेअरिंगच्या दुकानात मागता येतात.

जोडताना बोल्टचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यम ताकदीचे निळे लॉकटाइट फक्त टोकाच्या दोन-तीन आट्यांना लावावे. जास्त लावले तर ते बेअरिंगमध्ये उतरते आणि सकाळी ग्रिप जाम सापडते. प्लॅस्टिकला ते लागू देऊ नये, तडे जातात. डॅम्परला सिलिकॉन ग्रीज लावतात. पण डॅम्परच सिलिकॉन रबराचे असतील तर तेच ग्रीज त्यांना फुगवते. बॉल लिंकवर एका बाजूला अक्षर किंवा खूण असते, ती बाहेर ठेवावी. लिंक घट्ट असेल तर पक्कडने किंचित दाबून मोकळी होते. सैल झालेली लिंक मात्र फेकण्याच्याच लायकीची.

पाती बसवताना ग्रिपचा बोल्ट इतका आवळावा की हेलिकॉप्टर आडवे धरले असता पाते आपल्या वजनाने लोंबू नये, झटका दिल्यावर मात्र हलावे. फार घट्ट केले तर पाती सरळ रेषेत येत नाहीत आणि सुरुवातीलाच यंत्र थरथरते. मधल्या स्टिकला दोन्ही पाती शून्य अंशावर आहेत हे पिच गेजने (पात्याचा कोन मोजणाऱ्या साधनाने) पाहावे. सायक्लिकसाठी (पुढे-मागे व बाजूंना झुकवण्यासाठी होणाऱ्या कोनबदलासाठी) नियंत्रक ६ किंवा ८ अंश मागतो, ते त्या यंत्रणेनुसार. ट्रॅकिंगसाठी (दोन्ही पाती एकाच पातळीत फिरावीत यासाठी) एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावून दूरवरून चकतीच्या पातळीत पाहतात आणि लिंक पूर्ण फेऱ्याने फिरवतात.

मराठवाड्यातील हवामान : छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सु. ५७० मी. उंच आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवेची घनता प्रमाणित समुद्रसपाटीच्या मानाने सु. १४-१५ टक्के कमी भरते. तीच उचल राखायला पात्यांचा कोन तरी वाढवावा लागतो किंवा वेग सु. ८ टक्क्यांनी. वेग वाढवला तर वर सांगितलेला ताण १७ टक्क्यांनी वाढून पावणेचार क्विंटलवर जातो. बोल्ट व थ्रस्ट बेअरिंगच्या दृष्टीने म्हणूनच कोन वाढवणे बरे. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, एवढेच.

उन्हात ठेवलेल्या गाडीत डॅम्पर तात्पुरते मऊ होतात आणि वर्षानुवर्षांच्या तापण्याने कायमचे कडक होऊन चिरतात. या दोन वेगळ्या गोष्टी असून दोहोंचे लक्षण एकच : वेग घेताना हेलिकॉप्टर पायांवर डोलते. डॅम्पर मऊ, वेग कमी आणि स्टिक झटक्याने ओढली, तर पाते शेपटीच्या नळीला लागते. धुळीचेही दोन प्रकार. काळ्या रानातला फुफाटा पिठासारखा बारीक असतो, तो ग्रीजमधले तेल शोषून ते सुके पाडतो. मुरमाड माळावरची धूळ कणीदार, ती गोळ्यांच्या वाटेवर चरे पाडते. सर्वसाधारण सल्ला २०-३० उड्डाणांनी थ्रस्टला ग्रीज देण्याचा आहे; उन्हाळ्यात माळरानावर उडवताना तो १० वर आणावा आणि उतरण्याच्या जागी जुनी ताडपत्री अंथरावी. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा बेअरिंगवर मारू नये. तिच्यात पाणी असते आणि ती धूळ आत ढकलते. पावसाळ्यात यंत्र महिना-दोन महिने पडून राहते तेव्हा रेडियल बेअरिंग आतून गंजतात, पोळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी ती हाताने फिरवून पाहावीत.

विमानतळांजवळ उडवण्यावर ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत : कुंपणापासून ८ किमी.च्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते.

शेपटीचे हेड : तत्त्व तेच, भाग लहान, फेरे मात्र मुख्य हेडच्या चार-पाच पट. इथेही ग्रिपमधील थ्रस्टची दिशा उलटी बसवली जाते आणि शेपटी अकारण थरथरते. पिच स्लायडर (पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) शाफ्टवर चिकटत असेल तर तिथे ग्रीज लावू नये, धूळ बसते. कापडाने पुसून हलके तेल पुरते.