शत्रुराष्ट्रांमधील क्षेपणास्त्र सहकार्य

एकमेकांशी वैर असलेल्या राष्ट्रांमध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांबाबत (रॉकेटच्या जोराने उंच जाऊन कमानीने लक्ष्यावर पडणारी) होणारा व्यवहार. देवघेव तंत्राची असते किंवा माहितीची. तंत्राची देवघेव विरळा, आणि तीही बहुधा मैत्रीच्या दिवसांत सुरू झालेली. १९७७ मध्ये शाहच्या इराणने व इस्राएलने जमिनीवरून जमिनीवर मारा करणारे क्षेपणास्त्र मिळून घडवण्याचा ‘फ्लॉवर’ हा गुप्त प्रकल्प हाती घेतला. इराणने मोबदला तेलात चुकवायचा होता. १९७९ च्या क्रांतीने तो बुडाला; २०२४ मध्ये इराणने इस्राएलवरच बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे डागली.

मराठवाड्याला ही गोष्ट ओळखीची वाटावी. निजामशाहीने १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध वापरली गेली, तेव्हा एरवीची हाडवैरी आदिलशाही निजामशाहीच्याच बाजूला होती. पुढे तोफ मराठवाड्यातल्याच परंड्याच्या किल्ल्यात होती; १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि दातांत चिरडलेला हत्ती. सख्य लढाईपुरते होते, तोफ मात्र उरली.

माहितीची देवघेव रुक्ष, पण जास्त टिकाऊ. अमेरिका व सोव्हिएत संघाने १९८८ मध्ये आंतरखंडीय क्षेपणास्त्र सोडण्याआधी किमान २४ तास कळवायचे ठरवले. भारत–पाकिस्तान करार ३ ऑक्टोबर २००५ रोजी इस्लामाबादेत झाला. त्याचे बीज १९९९ च्या लाहोर सामंजस्य करारात होते. जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची खबर किमान तीन दिवस आधी द्यायची. प्रक्षेपणस्थळ सीमा व नियंत्रण रेषेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, आणि पडण्याची जागा ७५ किलोमीटरच्या आत नको. हे दुसरे अंतर म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून रस्त्याने जालना ओलांडून थोडे पुढे. क्षेपणास्त्र कसे बनवले हे कोणी कोणाला सांगत नाही; चाचणीला हल्ला समजून पलीकडच्याने बटण दाबू नये, एवढाच हेतू.

क्रूझ क्षेपणास्त्रे, म्हणजे विमानासारखी इंजिनावर हवेतून उडत जाणारी, भारत–पाकिस्तान करारात नाहीत, ही त्यातली मोठी फट. मार्च २०२२ मध्ये भारताचे ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ पडले. ती चाचणी नव्हतीच, त्यामुळे आधी कळवण्याचा प्रश्नही नव्हता. त्यावर स्फोटकाग्र (टोकाशी बसवलेला स्फोटक भाग) नव्हते. भारताने तांत्रिक बिघाड सांगून खेद व्यक्त केला.