कडेने उजळणाऱ्या अंकांचे घड्याळ : पार्श्वभूमी

अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक पाट्यांवर एकेक अंक कोरून, त्या एकामागे एक उभ्या करून आणि हव्या त्या पाटीच्या खालच्या कडेतून प्रकाश सोडून वेळ दाखवण्याची पद्धत घरगुती घड्याळांत नवी वाटली, तरी तिचे मूळ १९५०च्या दशकातील मोजमापाच्या उपकरणांत आहे. विद्युतदाब अंकांत दाखवणाऱ्या त्या काळच्या डिजिटल व्होल्टमीटरमध्ये अशाच पाट्यांच्या कडेशी तारेचे छोटे दिवे असत. ते तापत आणि जळत. पुढे निऑनच्या निक्सी नळ्या, म्हणजे अंकांच्या आकाराच्या तारा एकामागे एक बसवून हवा तो अंक उजळवणाऱ्या काचेच्या नळ्या आल्या, १९७०च्या दशकात सात रेघांचे एलईडी अंक आले आणि ही रचना मागे पडली.

तिचे पुनरागमन निक्सीच्याच वेडातून झाले. जुन्या नळ्या महागल्या आणि त्यांना लागणारा सुमारे १७० व्होल्टचा दाब घरातल्या टेबलावर हाताळणे धोक्याचे होते. २०१०नंतर ५ व्होल्टवर चालणारे, एकाच तारेवरून प्रत्येकाला वेगळा रंग देता येणारे एलईडी स्वस्त झाले. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्या दुकानांतून लेझर कटिंग होऊ लागले. वेळ मोजणाऱ्या, तापमानानुसार स्वतःला सावरणाऱ्या क्रिस्टलच्या चिपमुळे घड्याळातला फरक वर्षाकाठी मिनिटभरावर आला. अ‍ॅक्रिलिकवर कोरीव काम पांढरे, दुधी उमटते ते कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) शीटवर; एक्स्ट्रूडेड (दाबाने फटीतून काढलेले) शीट स्वस्त असले तरी त्यावर ते फिके पडते.

खरा वाद पाट्यांच्या क्रमाचा आहे. प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणजे दहाव्या पाटीवरून सरळ येणारा प्रकाश पुढच्या नऊ पाट्यांचे अठरा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत साधारण निम्माच उरतो, शिवाय वाटेतल्या न उजळलेल्या कोरीव रेषा त्यात अडथळा आणतात. एक पक्ष अंक सरळ क्रमाने लावतो, कारण मग अंक पायरीपायरीने मागे सरकतो आणि नवानंतर शून्याला एकदम पुढे येतो. दुसरा पक्ष कमी रेषांचे १ आणि ७ पुढे, तर भरगच्च ८ मागे ठेवतो. निक्सी नळ्यांतही अंक क्रमाने नव्हते; पुढच्याने मागच्याला कमीत कमी झाकावे, हाच तिथे निकष होता. दुसरा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो, कारण कोणता अंक कोणत्या पाटीवर आहे हे आता प्रोग्राममधील एका लहानशा तक्त्यात लिहिले की काम भागते. सरळ क्रमाचा आग्रह केवळ जोडणीच्या सोयीसाठी धरला जात असेल, तर त्यात फारसा अर्थ उरत नाही.

पाट्यांची संख्याही अनेकदा विनाकारण वाढवली जाते. चोवीस तासांच्या घड्याळात तासाच्या दशकस्थानी ०, १, २ या तीन आणि मिनिटाच्या दशकस्थानी सहा पाट्या पुरतात. म्हणजे चाळीसऐवजी एकोणतीस. दशकस्थानी थर पातळ होतो आणि मागचा अंकही स्पष्ट दिसतो. एककस्थानी मात्र दहाही पाट्या लागतात, म्हणून क्रमाचा वाद प्रत्यक्षात त्या दोन स्थानांपुरताच उरतो.