नेवरी खुसखुशीत का होते आणि का सादळते

चकली कुरकुरीत, नांगरलेली माती भुसभुशीत, उन्हाने जुनं झालेलं प्लास्टिक ठिसूळ आणि चवथीची नेवरी खुसखुशीत. चारही सहज मोडतात, पण एकीचा शब्द दुसरीला लावून बघा, कानाला खटकतो. कुरकुरीत वस्तू कडक असते, ती आवाज करत तुटते. ठिसूळ हा तक्रारीचाच शब्द. खुसखुशीत पदार्थ मात्र दाताखाली फारसा जोर न लावता कणाकणांनी सुटतो. (लेखही खुसखुशीत असतो, भुसभुशीत लेख कोणालाच नको.)

नेवरी, म्हणजे घाटावरची करंजी, अशी सुटावी यासाठी पिठाला एकजीव होण्यापासून अडवावं लागतं. मैद्यात पाणी पडलं की त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते. पावाला ती हवी, नेवरीला नको. म्हणून पाण्याआधी मोहन. तुपाने कण माखले की पाणी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, जाळी तुटक राहते. तूप कडकडीत घालायचं ते पातळ होऊन सगळीकडे पसरावं म्हणून.

पाव किलो मैद्याला मूठभर बारीक रवा आणि साधारण 50 ग्रॅम तूप. हाताने चोळून मूठ आवळली की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर मोहन कमी पडलं. अशी नेवरी कडक, वातड होते. तूप फार झालं तर जाळी इतकी दुबळी राहते की पारी लाटताना चिरते आणि नेवरी कढईत उकलून सगळं सारण तेलात जातं. पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावं, म्हणजे रवा भिजतो. कातण्याने कापून उरलेल्या कडा पुन्हापुन्हा मळू नयेत. प्रत्येक मळणीत ग्लुटेन वाढतं, शेवटच्या चार नेवऱ्या चिवट होतात त्या यामुळेच.

तळण मंद आचेवर, 150 ते 160 अंश सेल्सिअस. तेल फार तापलं तर पारीवर फोड येतात, रंग लवकर चढतो आणि आतलं पाणी आतच राहतं. तेच पाणी डब्यात हळूहळू बाहेर पसरतं.

गोव्यातल्या नाताळच्या बोलिन्हास या बिस्किटांची गोष्ट वेगळी. तिथे मुख्य घटक रवा आणि नारळ. मिश्रण रात्रभर मुरवून भाजतात. भरड कणांत जाळी फारशी धरत नाही, म्हणून बोलिन्हा रवाळ लागतो.

राहिलं सादळणं. तळून कोरडी झालेली पारी काचेसारख्या अवस्थेत असते. हवेतलं थोडं पाणी शोषलं की ती रबरासारखी लवचिक होते, मोडायच्या ऐवजी वाकते. भाद्रपदात गोव्याच्या हवेत ओल भरपूर, त्यामुळे झाकण उघडं राहिलेला डबा रातोरात मऊ पडतो. गरम नेवऱ्या डब्यात भरल्या तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. ओल्या नारळाचं सारण आतून पारी भिजवतं; त्या नेवऱ्या त्याच दिवशी संपवाव्यात, टिकवायच्या असतील तर भाजलेलं सुकं खोबरं घ्यावं. सादळलेल्या नेवऱ्या ओव्हनमध्ये 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून उघड्यावर पूर्ण गार होऊ द्याव्यात. बाहेर काढताना त्या मऊच लागतील, पारी कडक होते ती गार होताना.