शुक्राणू म्हणजे नुसती डीएनएची पुडी?

"मूल हवं तर पथ्यं बाईनं पाळायची, पुरुषाचं काय, त्याचं काम क्षणाचं." आटपाडीपासून विट्यापर्यंत हे ऐकू येतं. शिकलेली माणसं त्याला विज्ञानाचा टेकू देतात: शुक्राणू फक्त डीएनए पोहोचवतो, बाकी सगळं अंड्यातलं.

अर्धं खरं आहे. मानवी गर्भ चार ते आठ पेशींचा होईपर्यंत कारभार मुख्यतः आईच्या अंड्यात साठलेल्या आरएनएवर, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या रेणूंवर चालतो. पण शुक्राणूही रिकाम्या हातानं येत नाही. त्याचे आरएनए अंड्यात उतरतात, हे २००४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. प्रमाण किरकोळ, म्हणून वर्षानुवर्षं तो उरलासुरला कचरा समजला गेला.

२०१६ सालचा उंदरांवरचा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. नरांना भरपूर चरबीचा आहार दिला. मग त्यांच्या शुक्राणूंतले आरएनएचे बारीक तुकडे काढून साध्या फलित अंड्यांत टोचले. त्या नरांचा डीएनए यात आलाच नाही, तरी पिल्लांच्या शरीरातला साखरेचा ताळमेळ बिघडला! यातले बरेच तुकडे शुक्राणूला वृषणातून बाहेर पडल्यावर, एपिडिडायमिस या नळीत पिकताना मिळतात, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं.

माणसांत इतकं थेट सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे 'शुक्राणूंचा आरएनए सुधारणारी' पावडर कुणी सांगलीत विकायला आणली, तर पैसे खिशातच ठेवा. धूम्रपान मात्र नवऱ्यानं सोडावंच. त्यानं शुक्राणूंची संख्या घटते, हे आरएनएचा विषय निघण्याआधीपासून माहीत आहे. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा सुरुवात तेवढी आधी हवी.